वायटूकेला आम्ही काय केलं, आणि २०३८साठी तुम्ही काय करायचं

माझा भाचा एका नगरपालिकेच्या सिस्टीमवर कंत्राटी काम करतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. ‘मावशी, आस्थापनेच्या सॉफ्टवेअरमध्ये काही लोकांची निवृत्तीची तारीख टाकली की सेव्ह होते, पण परत उघडलं की सगळे शून्य दिसतात. बाकीच्यांची नीट येते.’ मी विचारलं, ‘ज्यांची शून्य येते ते १९८०मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेले आहेत का, बघ.’ पाच मिनिटांनी त्याचाच परत फोन. ‘तुला कसं कळलं?’

त्यात कळण्यासारखं काही नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती म्हणजे १९८०चा माणूस २०३८ला घरी जाणार. आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तारीख-वेळ ठेवायचा ‘टाइमस्टॅम्प’ नावाचा जो प्रकार आहे, त्याची उडी १९ जानेवारी २०३८पर्यंतच. त्यापुढची तारीख दिली आणि सेटिंग ढिलं असेल, तर तो कुरकुर न करता शून्य भरून मोकळा होतो. हीच गंमत मी १९९८मध्ये एका अमेरिकन राज्याच्या बेकारी भत्त्याच्या कार्यालयात बघितली होती. फरक इतकाच, की तिथे भिंत २०००ची होती आणि भाषा कोबॉल होती. त्यालाच वायटूके म्हणायचे: सालाचे दोनच आकडे ठेवणाऱ्या सिस्टीमना २००० म्हणजे १९०० वाटणार होतं.

मी मुंबईच्या सीप्झमध्ये कोबॉल शिकले आणि त्याच कोबॉलच्या जोरावर ऑनसाइटला गेले. त्या काळात आमच्यासारखे पुण्या-मुंबईचे शेकड्यांनी गेले. अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाची मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० वर नेली ती १९९९ आणि २००० या वर्षांसाठीच, यावरून मागणी किती होती ते समजा. माझ्या वाट्याला एका राज्याच्या राजधानीतलं सरकारी ऑफिस आलं. तिथली सिस्टीम माझ्यापेक्षा थोडीच लहान होती. सालाचे दोनच आकडे ठेवायचे ही पद्धत पंच कार्डांच्या काळातली. कार्डावर ८० रकाने, त्यात ‘१९’ लिहायला जागा कोण घालवणार? पुढे डिस्क आली, तीही महाग. तेव्हा त्या लोकांना मूर्ख म्हणू नका. आपली सिस्टीम तीस वर्षं चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तुम्हालाही तुमची तशी वाटत नसेल.

खाली लिहितेय ते भाच्याला फोनवर सांगितलं तेच, थोडं सावकाश. तुम्ही सरकारी किंवा निमसरकारी सिस्टीम सांभाळत असाल तर उपयोगी पडेल.

तुमची खरी तारीख कोणती, ते आधी काढा

सगळे १ जानेवारी २०००कडे डोळे लावून बसले होते. आमच्या ऑफिसची खरी तारीख होती ४ जानेवारी १९९९, सोमवार. म्हणजे जवळजवळ एक वर्ष आधी.

का, ते सांगते. अमेरिकेत नोकरी गेली की राज्य सरकारकडे भत्त्याचा अर्ज करायचा. अर्ज मंजूर झाला की त्या माणसाचं एक ‘भत्ता वर्ष’ सुरू होतं, ५२ आठवड्यांचं. आठवडा रविवारी सुरू होतो. ४ जानेवारीला कुणी खिडकीवर आलं, तर त्याचं वर्ष आदल्या दिवशीपासून, ३ जानेवारी १९९९पासून धरायचं आणि ते संपणार शनिवारी, १ जानेवारी २०००ला. सिस्टीम अर्जाच्या पहिल्याच दिवशी ही शेवटची तारीख मोजून फाइलमध्ये लिहिते. सुरुवात ९९०१०३, शेवट ०००१०१. पुढचा प्रोग्राम बघतो, शेवट सुरुवातीच्या आधी आहे. एक तर अर्ज फेटाळतो, नाही तर ‘मुदत संपली’ म्हणून बाजूला टाकतो. नोकरी गेलेल्या माणसाला सिस्टीम सांगणार, तुमचा भत्ता ९९ वर्षांपूर्वी संपला.

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाला तर हे १९८९मध्येच कळलं होतं. जादा दिलेले पैसे हप्त्यांनी वसूल करायचे, आणि हप्ते लांबत लांबत १९९९च्या पुढे गेले तेव्हा सिस्टीम तारीख घेईना. त्यांनी तेव्हापासून काम सुरू केलं, म्हणून १९९८च्या डिसेंबरअखेर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन छातीठोकपणे सांगू शकले, की त्यांची सिस्टीम तयार आहे. दहा वर्षं हाताशी होती. आमच्या हाताशी वीस महिने होते.

तर पहिलं काम कॉम्प्युटरवर करायचंच नाही. वही घ्या, प्रत्येक विभागात जा आणि एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही जास्तीत जास्त किती पुढची तारीख टाकता?’ पाणीपट्टीवाला म्हणेल, पुढचं वर्ष. मालमत्ता विभागवाला म्हणेल, गाळे तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेत. आस्थापना म्हणेल, निवृत्ती. लेखा विभाग कर्जाचे हप्ते सांगेल. २०३८मधून ती वर्षं वजा करा. जे साल येईल ते त्या विभागाचं खरं साल. तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याचं ते २००८ला येऊन गेलंसुद्धा. त्या पट्ट्यांचं काय झालं ते आधी जाऊन बघा.

आर्थिक वर्ष विसरू नका. अमेरिकेत बहुतेक राज्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, केंद्राचं १ ऑक्टोबरला. त्यामुळे बजेटच्या सिस्टीमना ‘२०००’ हा आकडा १९९९च्या मध्यावरच भेटला. आपल्याकडे २०३७-३८ हे वर्ष १ एप्रिल २०३७ला लागेल.

मोजदाद: इथेच सगळा वेळ जातो

अमेरिकन संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने १९९७मध्ये सरकारी खात्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली होती. त्यात पाच टप्पे: जाणीव, मोजदाद, दुरुस्ती, पडताळणी, अंमलबजावणी. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर तो तक्ता लावलेला होता, पाच सारख्या चौकटी. बघून वाटायचं पाचही कामं सारखीच. प्रत्यक्षात दुरुस्ती हे सर्वांत सोपं काम निघालं. शोधण्यातच माणूस झिजला.

प्रोग्रामची लायब्ररी उघडली तेव्हा आकडा बघून आमचा टीम लीड खाली बसला. मग एका म्हाताऱ्या ऑपरेटरने युक्ती सांगितली. काय काय आहे ते बघू नका, काय चालतं ते बघा. मेनफ्रेम, म्हणजे ऑफिसचा तो मोठा कॉम्प्युटर, चाललेल्या प्रत्येक जॉबची नोंद ठेवतो. आम्ही मागच्या तेरा महिन्यांच्या नोंदी काढल्या. बारा नाही, तेरा, कारण वर्षातून एकदाच चालणारे जॉब असतात आणि ते नेमके महत्त्वाचे असतात. तेरा महिन्यांत जे एकदाही चाललं नाही ते बाजूला काढलं, लगेच फेकलं नाही. असा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. तुम्हीही सर्व्हरचे लॉग आणि क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादी यावरून सुरुवात करा. फोल्डर उघडून बसू नका, ‘न्यू’, ‘न्यू-फायनल’, ‘न्यू-फायनल-२’ यातच आठवडा जाईल.

मग सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, जुळवा. चालणारा प्रोग्राम एक आणि लायब्ररीत ठेवलेला सोर्स दुसराच, हे दुखणं सरकारी ऑफिसच्या पाचवीला पुजलेलं. आमच्याकडे काही प्रोग्रामचा सोर्सच नव्हता. कुणीतरी कधीतरी लिहिला, कंपाइल केला, आणि मूळ प्रत निवृत्तीबरोबर घेऊन गेला. असे प्रोग्राम पुन्हा लिहावे लागतात. ते किती आहेत हे पहिल्या महिन्यातच कळलं पाहिजे, शेवटच्या महिन्यात कळून उपयोग नाही.

आता तारखा शोधणं. तुम्हाला वाटेल ‘डेट’ शब्द शोधला की झालं. आम्हालाही वाटलं होतं. निम्म्या तारखा त्याने सापडल्या. काहींची नावं ‘डीटी’, काहींची ‘वायआर’, काही नुसत्या ‘एफ-१७’. सर्वांत वाईट त्या, ज्या ‘फिलर’मध्ये बसवलेल्या होत्या. रेकॉर्डमध्ये पुढेमागे लागेल म्हणून मोकळी सोडलेली जागा म्हणजे फिलर. १९८० साली कुणाला तरी एक तारीख वाढवायची होती, फाइलचा लेआउट बदलायचा कंटाळा आला, त्याने फिलरच्या मधले सहा रकाने वापरले. कागदावर ती जागा रिकामी. आम्हाला ती प्रोग्राममध्ये सापडली नाही. डेटामध्ये सापडली, कारण आम्ही एका संध्याकाळी नुसते रेकॉर्ड छापून डोळ्यांनी वाचले. मोकळ्या जागेत ८६०३१४ असं काहीतरी वारंवार दिसायला लागलं की ते काय आहे हे सांगायला कोबॉल यावं लागत नाही.

आणि काही गोष्टी प्रोग्राममध्येही नसतात, डेटामध्ये बघूनही समजत नाहीत. आमच्या मजल्यावर एक वयस्क क्लार्क बाई होत्या, दाव्यांच्या खिडकीवर तेवीस वर्षं काढलेल्या. त्यांच्या टर्मिनलच्या कडेला एक पिवळं पडलेलं कार्ड सेलोटेपने चिकटवलेलं होतं. त्यावर पेनाने लिहिलं होतं: शेवटची तारीख माहीत नसेल तर १२/३१/९९ टाका. मी विचारलं हे कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या, ‘माझ्या आधीच्या बाईंनी.’ म्हणजे १९७०च्या दशकापासून त्या खिडकीवर ‘३१ डिसेंबर ९९’चा अर्थ ‘माहीत नाही’ असा होता. फाइलमध्ये तसे हजारो रेकॉर्ड. आणि पुढच्या वर्षी तीच तारीख खरीखुरी तारीख म्हणून येणार होती. ते कार्ड मला दिसलं ते केवळ त्यांच्याकडे स्टेपलर मागायला गेले म्हणून. त्यानंतर आम्ही दोघी जणी दोन दिवस सगळ्या खिडक्यांवर फिरलो आणि अशी कार्डं, चिठ्ठ्या, कॅलेंडरच्या मागे लिहिलेल्या सूचना टिपून घेतल्या.

टेपचीही तीच कथा. टेपवर फाइल लिहिताना ती किती दिवस ठेवायची याची तारीख द्यावी लागते: दोन आकडे सालाचे, तीन दिवसाचे. कायम ठेवायची असेल तर ९९३६५ द्यायचं अशी मेनफ्रेमवाल्यांची जुनी रीत. १९९९चा तीनशे पासष्टावा दिवस. ज्या टेपा जगबुडीपर्यंत सांभाळायच्या, त्या सगळ्या ३१ डिसेंबर १९९९ला ‘पुसायला मोकळ्या’ होणार होत्या. काही टेप सॉफ्टवेअरना हा संकेत माहीत होता, काहींना नव्हता. तुमच्या सिस्टीममध्ये ‘कायम’ म्हणून कोणती तारीख टाकतात, ते विचारून ठेवा. २०३७ची ३१ डिसेंबर मी अलीकडे दोन ठिकाणी बघितली.

दुरुस्ती

तीन वाटा होत्या. पहिली सरळ: सालाचे चार आकडे करायचे. रेकॉर्ड लांबतं, फाइल बदलते, ती वाचणारा प्रत्येक प्रोग्राम एकाच रात्री बदलावा लागतो. जन्मतारखांना मात्र दुसरा इलाज नव्हता. १९२८ला जन्मलेला, सत्तरीतही काम करणारा माणूस आमच्या फाइलमध्ये होता. ‘२८’चा अर्थ अंदाजाने काढायला गेलो असतो तर तो अजून जन्मायचा होता.

दुसरी वाट खिडकीची. फाइलमध्ये दोनच आकडे ठेवा, प्रोग्राममध्ये ठरवा: ५० किंवा जास्त असेल तर १९००चं शतक, कमी असेल तर २०००चं. स्वस्त आणि झटपट. जगभर बहुतेकांनी हेच केलं. पण ही सीमा कुणी ठरवायची ते आधी ठरवा. आमच्या तीन टीमनी तीन सीमा घेतल्या, ३०, ५० आणि ७०. एकाची फाइल दुसऱ्याकडे गेली की ‘४५’ हे साल रस्त्यात शतक बदलायचं. एक महिना त्यात गेला. शेवटी सीमा एकाच कॉपीबुकमध्ये, म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात त्या सामायिक तुकड्यात, लिहिली आणि बाकी ठिकाणी लिहायला बंदी घातली.

तिसरी वाट मला अजून आवडते. मेनफ्रेमवर आकडे आवळून ठेवायची एक पद्धत आहे, एका बाइटमध्ये दोन आकडे आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. सहा आकड्यांची तारीख अशी ठेवली तर सहा आणि चिन्ह मिळून साडेतीन बाइट होतात. अर्धा बाइट कुणी देत नाही, म्हणून जागा चार बाइटची मिळते. म्हणजे प्रत्येक तारखेच्या पुढे अर्धा बाइट वीस वर्षं रिकामा पडून होता, त्यात शून्य. आम्ही फक्त व्याख्या बदलली. सहाऐवजी सात आकडे आहेत असं सांगितलं आणि पहिला आकडा शतकाचा धरला: ० म्हणजे १९००चं, १ म्हणजे २०००चं. रेकॉर्डची लांबी तेवढीच. जुना डेटा जसाच्या तसा बरोबर, कारण त्यात शून्य आधीच होतं. एकही फाइल फिरवावी लागली नाही. ज्या दिवशी हे चाललं त्या दिवशी आम्ही अपार्टमेंटवर श्रीखंड केलं, तिथल्या दह्याचं.

(आणखी एक चौथी, चोरवाट होती: घड्याळच २८ वर्षं मागे न्यायचं. १९७२ आणि २००० ही दोन्ही लीप वर्षं, दोन्हींचा १ जानेवारी शनिवारी. वार जुळतात, लीप जुळतं. ज्या डब्याला हात लावता येत नाही त्याच्यासाठी ठीक. २०३८साठी मागे जायचं तर २०१०.)

पण तारीख रुंद केली म्हणजे काम झालं असं समजू नका. दोन गोष्टी बघा. एक, वजाबाकी. कोबॉलमध्ये चिन्ह नसलेल्या जागेत ०० वजा ९९ केलं तर उत्तर उणे ९९ येत नाही, ९९ येतं. प्रोग्राम पडत नाही, बिनबोभाट पुढे जातो. दुसरं, क्रम लावणं. हे मला सर्वांत जास्त भीतिदायक वाटलं, म्हणून नीट सांगते.

भत्ता किती द्यायचा ते मागच्या पगारावरून ठरतं. पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाह्या घ्यायच्या, त्यातल्या पहिल्या चारांचा पगार धरायचा. समजा माणूस मे २०००मध्ये आला. त्याच्या पाच तिमाह्या, आधी साल आणि मग तिमाहीचा आकडा: ९९१, ९९२, ९९३, ९९४ आणि ००१. नियमाप्रमाणे ९९चे चारही धरायचे, ००१ सोडायची. पण प्रोग्राम आधी क्रम लावतो, आणि क्रमात ००१ सर्वांत वर येते. मग पहिले चार कोण? ००१, ९९१, ९९२, ९९३. वर्षातली शेवटची तिमाही, ओव्हरटाइमची, गळून गेली. कुठेही एरर नाही. चेक वेळेवर निघाला. रक्कम चुकीची. त्या माणसाला कधी कळणारही नाही. पडणाऱ्या प्रोग्रामचं मला काही वाटत नाही, रात्री फोन येतो, उठून बघतो. असं चुपचाप चुकणारं शोधायचं तर कागदावर हाताने हिशेब करून ताडून बघायला लागतो.

२०३८साठी दुरुस्ती तुलनेने सोपी, पण तिथेही एक खड्डा आहे. ‘टाइमस्टॅम्प’चं ‘डेटटाइम’ करा असं सगळे सांगतात. बरोबर आहे. पण टाइमस्टॅम्प आतून जागतिक वेळ ठेवतो आणि दाखवताना तुमच्या घड्याळाप्रमाणे बदलतो, डेटटाइम जे दिलं ते ठेवतो. कॉलम बदलताना सर्व्हरचा टाइम झोन भलताच असेल, तर सगळ्या नोंदी साडेपाच तासांनी सरकतात. रात्री आठचा दाखला दुपारी अडीचचा होतो. आणि निवृत्तीच्या तारखेला वेळ लागतेच कशाला? साधा ‘डेट’ ठेवा. सेकंद मोजून साध्या चार बाइटच्या आकड्यात ठेवले असतील तर तो आकडा २,१४,७४,८३,६४७ला अडतो. आपल्या घड्याळात १९ जानेवारी २०३८, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. मंगळवार आहे, ऑफिस उघडायच्या बेतात.

पडताळणी, आणि आमची फजिती

घड्याळ पुढे करून बघायचं, असं सगळ्यांना वाटतं. आम्हीही केलं. वेगळा विभाग काढून दिला होता, त्यात घड्याळ ३१ डिसेंबर १९९९वर नेलं. पहिली गोष्ट झाली ती म्हणजे आमचे सगळ्यांचे लॉगिन बंद पडले. सिस्टीमला वाटलं, ही माणसं वर्षभर फिरकलीच नाहीत. मग दोन विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं. आणि मग कळलं, की टेपांची सूची वेगळी केलेली नव्हती, ती चालू सिस्टीमबरोबर सामायिक होती. आमच्या खोट्या मध्यरात्री खऱ्या टेपा ‘मुदत संपली’ म्हणून पुसण्याच्या यादीत गेल्या. ऑपरेटरच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. त्याला मी आजही दिवाळीला मेल करते.

त्यानंतर आम्ही फक्त एका जॉबपुरती खोटी तारीख देणारी युटिलिटी वापरली. आता लिनक्सवर लिबफेकटाइम हेच करतं. पूर्ण मशीनचं घड्याळ पुढे न्यायचंच असेल तर ते मशीन नेटवर्कपासून तोडा, आणि आधी लक्षात ठेवा की सगळ्या सुरक्षा सर्टिफिकेटांची मुदत एकदम संपेल आणि तुम्ही तासभर भलताच दोष शोधत बसाल.

कोणत्या तारखा तपासायच्या? आमच्या यादीत ९ एप्रिल १९९९ होती, वर्षाचा नव्व्याण्णवावा दिवस, कारण ९९०९९. ९ सप्टेंबर १९९९ होती, चार नवांची. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी होत्याच. ३ जानेवारी २००० होती, पहिला कामाचा सोमवार. २९ फेब्रुवारी २००० होती आणि तिच्यावरून वाद झाले. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, हे अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. चारशेने भाग गेला तर असतं, हे फार थोड्यांना. गंमत म्हणजे ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं आणि ज्यांनी नुसतं चारने भागलं होतं, त्यांचे प्रोग्राम बरोबर होते. शेवटी ३१ डिसेंबर २०००, वर्षाचा ३६६वा दिवस. तुमच्या यादीत २०३८च्या आधी फेब्रुवारी २०३६ घाला, त्या महिन्याच्या ७ तारखेला नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचा मोजणीचा फेरा पूर्ण होतो.

बाहेरून येणारं

तुमचं घर स्वच्छ असलं तरी शेजारचा कचरा वाऱ्याने येतो. आम्हाला मालक लोक पगाराची माहिती टेपवर आणि फ्लॉपीवर पाठवायचे. केंद्र चार आकडी साल मागायचं, मालक दोन आकडी पाठवायचे. दारातच एक मधला प्रोग्राम बसवला, तो आत येणारं सगळं चार आकडी करून घ्यायचा. प्रत्येक शेजाऱ्याशी लेखी ठरवा, कोणत्या तारखेपासून कोणता साचा. फोनवर ठरलेलं फोनवरच राहतं.

खरेदीत मात्र अट आत्ताच घाला. अमेरिकन केंद्र सरकारने १९९७पासून खरेदीच्या नियमांतच वायटूकेची अट घातली होती. आज हजेरीचं अंगठा मशीन किंवा कॅमेऱ्याचा रेकॉर्डर घेताना निविदेत एक ओळ वाढवायला पैसे पडत नाहीत. ती मशीनं बारा-पंधरा वर्षं भिंतीवर असतात.

वेळ मारून नेणं, आणि ती रात्र

४ जानेवारी १९९९पर्यंत आमचं सगळं झालं नव्हतं. काही राज्यांनी तेव्हा एक शक्कल लढवली, आम्हीही तीच केली: भत्ता वर्षाची शेवटची तारीख मोजूच नका, सगळ्यांची ३१ डिसेंबर १९९९ लिहा आणि खरी नंतर भरा. त्या पिवळ्या कार्डामुळे आम्ही ती तारीख आधी रिकामी करून घेतली होती, नाही तर दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या असत्या. तात्पुरतं काही करणार असाल तर ते उलटं फिरवणारा प्रोग्राम त्याच दिवशी लिहून ठेवा. आम्ही लिहिला होता, मार्चमध्ये चालवला.

केंद्राने सगळ्या खात्यांना ३१ मार्च १९९९ची मुदत दिली होती. राष्ट्राध्यक्षांच्या वायटूके समितीचे प्रमुख होते जॉन कोस्किनेन, आणि संसदेत स्टीफन हॉर्न नावाचे एक सदस्य शाळेसारखे प्रगतिपुस्तक काढायचे, प्रत्येक खात्याला ए ते एफ. ‘डी’ मिळालेल्या खात्याचे साहेब वर्तमानपत्रात दिसायचे. त्याने कामं हलली, हे मी डोळ्यांनी बघितलं. केंद्राचाच खर्च आठशे कोटी डॉलरच्या वर गेला.

तरी कागदी तयारी ठेवलीच. कोरे फॉर्म, हाताने चेक लिहायची पद्धत, कोण कोणाला फोन करणार ती यादी, छापील. आम्ही दोनदा रंगीत तालीम केली. पहिल्या तालमीत कळलं की कोऱ्या चेकच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते नाताळच्या सुट्टीवर असतात.

३१ डिसेंबरला दुपारी दीड वाजता भारतात मध्यरात्र झाली. मी ऑफिसमधूनच डोंबिवलीला फोन लावला. आईने उचलला. विचारलं, ‘दिवे आहेत का?’ म्हणाली, ‘दिवे आहेत, पाणी नाही. पण ते कालपण नव्हतं.’ मी टीम लीडला अंगठा दाखवला. रात्री आमच्याकडे बारा वाजले आणि बॅच, म्हणजे रोज रात्री एकामागून एक चालणारे जॉब, नेहमीच्या वेळी सुरू झाली, नेहमीच्या वेळी संपली. दुसऱ्या दिवशी अमेरिकन नौदलाच्या वेधशाळेची वेबसाइट, जी अख्ख्या देशाला वेळ सांगते, ती साल १९१०० दाखवत होती. आमचं एक पत्र निघालं, ज्यावर पावतीची तारीख १९००ची होती. त्या क्लार्क बाईंनीच ते पकडलं, पाकिटात घालायच्या आधी.

भाच्याने आता यादी केलीये. एकोणीस टेबलांमध्ये टाइमस्टॅम्प आहेत. आस्थापनेतल्या ज्या बाई निवृत्तीच्या तारखा भरतात, त्यांच्याकडे जाऊन बसायला मी त्याला सांगितलंय. अजून गेलेला नाही.